लहूच्या जिवाला धोका

पिस्तुलाच्या परवान्यासाठी लहूने अर्ज केला, आणि जिवाला धोका कोणापासून आहे या प्रश्नापुढे बायकोचं नाव लिहिलं. नाव, वय, पत्ता, सगळं अचूक. एवढ्या वर्षांच्या संसारात तिचं वय त्याने पहिल्यांदाच बरोबर सांगितलं होतं. वर पुरावा म्हणून एक फोटो जोडला. वेसाव्याच्या कोळी महोत्सवात कुणा हौशी फोटोवाल्याने काढलेला: मंजुळाच्या नाकात नथ, अंगावर ठेवणीतलं लुगडं, आणि हातातला कोयता डोक्याच्या वर धरून ती हसतेय. कोयता वर धरा आणि हसा, असं त्या फोटोवाल्यानेच सांगितलं होतं. आता फोटो सरकारदरबारी गेला आणि त्या हसण्याचा अर्थच बदलला.

मंजुळाला हे कळलं बाजारात, ऐन धंद्याच्या वेळी. हवालदार क्षमा तिच्या पाटीपाशी येऊन उभी राहिली तेव्हा ती घोळ माशाचं डोकं फोडत होती. क्षमाने आधी कोयत्याकडे बघितलं, मग हातातल्या कागदाकडे, आणि आवाज शक्य तेवढा सरकारी ठेवून सांगितलं की तुमच्या नवऱ्याने बंदुकीचं लायसन मागितलंय, त्याला तुमच्यापासून भीती आहे, दुपारी चौकशीला ठाण्यात या.

शेजारच्या पाटीवरची द्रौपदीमावशी म्हणाली, "हिची भीती ना, आम्हाला सगळ्यांनाच आहे. सुट्टे मागून बघा तिच्याकडे."

आजूबाजूच्या बायका हसल्या. मंजुळा हसली नाही. कोयता लाकडात रुतला होता आणि तो तिला काढताच येईना. डाव्या मनगटात जोर उरला नव्हता. मागच्या वर्षी लहूने ते पिरगळून मोडलं तेव्हा त्याच्या हातात काहीच नव्हतं. नुसत्या रिकाम्या हातांनी केलेलं काम होतं ते. त्यानंतर तिने अंधेरीच्या कोर्टातून संरक्षणाचा आदेश मिळवला. लहूने तिच्या घरी जायचं नाही, बाजारात फिरकायचं नाही, तिच्या जवळ यायचं नाही आणि कुणाकरवी निरोप धाडायचा नाही. घर आणि बाजार लहूने पाळलं. निरोप मात्र नेमाने येत राहिले. शेवटचा होता: तिला सांगा, लायसन येऊ दे, मग बघू कोर्टाचा कागद मोठा की गोळी. हा निरोप आणणारा माणूस नंतर शपथेवर सांगत होता की आपण कसलाच निरोप आणलेला नाही, आपण सुरमई घ्यायला आलो होतो.

तिने पूर्वी नावाच्या वकिलीणबाईंना फोन लावला. ही बाई कोर्टाच्या मोफत कायदा केंद्रात काम करायची आणि त्या वेळी नेमकी दुसऱ्या कुणाच्या तरी खटल्यात बसली होती. त्यामुळे मार्गदर्शन तुकड्यातुकड्यांत आलं. न्यायाधीश मान वर करायचे आणि फोन कट व्हायचा. पहिल्या तुकड्यात वकिलीणबाई कुजबुजली की परवाना देणारे वरचे साहेब वेगळे, पण ते ठाण्याच्या रिपोर्टवरच जातात, तेव्हा आदेशाची शिक्क्याची प्रत घेऊन जा आणि लेखी हरकत द्या. दुसऱ्यात म्हणाली, लहू एकदा दारू पिऊन स्कूटर चालवताना नाकाबंदीत सापडलाय, दंड भरलाय, तेही सांगा. दारू आणि बंदूक एका माणसाकडे नको, हे कुठल्याही साहेबाला कळतं. तिसरा तुकडा सगळ्यात लहान होता.

"मंजुळाताई, आदेश तुम्हाला बांधत नाही, त्याला बांधतो. तो जवळ आला तर गुन्हा त्याचा. तुम्ही फक्त—"

फक्त काय, ते न्यायाधीशांमुळे राहून गेलं. मंजुळाने पुन्हा पुन्हा फोन लावला. तो बंद होता.

वेळेवर पोचायचं म्हणून ती बाजारातून तशीच ठाण्यात गेली. क्षमाने आदेश वाचला होता आणि तो फारच मनावर घेतला होता. चौकशीच्या खोलीत तिने मंजुळाला एका भिंतीपाशी बाकावर बसवलं आणि लहूसाठी समोरच्या भिंतीला खुर्ची टेकवली. मध्ये चौकशी करणाऱ्या जगदाळे साहेबांचं टेबल. खोली एवढी लहान की आदेश पाळायला भिंती मागे सरकवाव्या लागल्या असत्या, पण क्षमाच्या हातात होतं तेवढं तिने केलं.

लहू आला तो इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, नाकातोंडावर रुमाल धरून. गणपतीच्या बंदोबस्तात तो पोलिसांना चहा पुरवायचा, त्यामुळे त्याला सगळे ओळखत होते. रुमालाआडूनच त्याने सगळ्यांना नमस्कार केला आणि मंजुळाकडे बघून डोळे मिटले, म्हणजे काय हा वास. साहेबांनीही नाक आक्रसलं. बाई, आंघोळ करून यायचं ना, असं म्हणून त्यांनी क्षमाला उदबत्ती लावायला सांगितली. आता खोलीत बोंबील आणि मोगरा असे दोघे झाले.

चौकशी सुरू झाली. लहू खूप छान बोलत होता. रात्री झोप लागत नाही, स्वप्नात कोयता येतो, असं त्याने सांगितलं. मंजुळाने आदेशाची प्रत पुढे केली. साहेबांनी ती वाचली, उलटी केली, मागची कोरी बाजूही तेवढ्याच लक्षपूर्वक पाहिली आणि म्हणाले की हा अंतरिम आहे, म्हणजे अजून ठरायचंय. दारूचं सांगितलं तर म्हणाले, दंड भरला ना त्याने, मिटलं. लहू म्हणाला, तेव्हापासून थेंब नाही साहेब, आणि बोलता बोलता त्याने खुर्ची भिंतीपासून सुटी केली. थोड्या वेळाने ती टेबलाच्या कडेला होती. मग बाकाच्या जवळ. पंखा लागत नाही, असं तो म्हणाला.

मनगट मोडलं त्या दिवसानंतर तो मंजुळाच्या एवढ्या जवळ कधी आला नव्हता. तिने श्वास धरला, आणि सोडून पुन्हा घेतला तेव्हा तिला ते कळलं.

मासळी आजची की कालची, हे मंजुळा कल्ला उघडायच्या आधी सांगायची. उदबत्तीच्या खाली लवंग होती, लवंगेच्या खाली दारू. जुनी नव्हे, ताजी, आज दुपारची. पिस्तुलाच्या चौकशीला जायचं म्हणून लहू धीरासाठी क्वार्टर मारून आला होता. मोठ्या कामाला तो कधी कोऱ्या तोंडाने जात नसे. लग्नालाही गेला नव्हता.

"साहेब, हा पिऊन आलाय," ती म्हणाली.

साहेबांनी प्रामाणिकपणे हवेत नाक फिरवलं. "बाई, मला फक्त बोंबील येतोय."

तेव्हा तिला खुर्ची का सरकतेय ते समजलं. लहू तिच्या वासात लपत होता. ज्या बाईच्या भीतीने त्याला पिस्तूल हवं होतं, तिला चिकटून बसला तरच ते मिळणार होतं.

ती उठून खिडकीपाशी गेली. लहूही गेला, म्हणाला, इथे उजेड बरा आहे. ती दाराजवळच्या कपाटाशी जाऊन उभी राहिली. लहूने खुर्ची तिथे नेली. क्षमा म्हणाली, तुम्ही हिच्यापासून लांब बसायचंय, कोर्टाचं आहे. लहू म्हणाला, माझ्या मनात काही नाही मॅडम. साहेब वैतागले, पण मंजुळावर. ही काय संगीत खुर्ची आहे का, एका जागी बसा, असं म्हणून त्यांनी रिपोर्ट पुढे ओढला आणि लिहिताना पुटपुटायची सवय होती तसे पुटपुटू लागले. अर्जदार परिचयाचा. स्थानिक कार्यात सहभाग. वर्तणूक समाधानकारक. सबब परवाना देण्यास.

तिथे पेन थांबलं, कारण शाई संपली. साहेब ड्रॉवरमध्ये दुसरं शोधू लागले. लहूचं कोपर तिच्या दुखऱ्या मनगटापासून वीतभर अंतरावर होतं. तो हळूच, फक्त तिला ऐकू जाईल असं म्हणाला, "झालं बघ."

मंजुळाला किंचाळावंसं वाटलं. किंचाळली असती तर ते रिपोर्टात गेलं असतं. इथे बसून ती जेवढं बोलेल तेवढा हा सुरक्षित; ती त्याची लवंग होती, त्याची उदबत्ती होती. आणि बाहेर गेली तर तिच्या बाजूने बोलणारं खोलीत कुणी उरणार नव्हतं. साखरेच्या जिभेचा माणूस आणि नवीन पेन, एवढेच राहणार होते.

"साहेब, माझ्या वासाचा तुम्हाला त्रास होतोय," ती म्हणाली. "मी बाहेर थांबते. काय विचारायचं ते ह्याला एकट्याला विचारा."

साहेबांना ही सूचना फार आवडली. लहू मात्र खुर्चीतून उठला.

"नको साहेब. तिला इथेच बसू द्या. माझ्या शेजारी."

साहेबांचा हात ड्रॉवरमध्येच राहिला. "शेजारी?"

"हो साहेब."

"तुझ्या जिवाला हिच्यापासून धोका आहे ना?"

"आहे ना, खूप आहे."

"मग?"

लहूने विचार केला. पिऊन विचार करणं त्याला जमायचं, तीच तर त्याची ताकद होती. "मग नजरेसमोर असलेली बरी," तो म्हणाला.

क्षणभर साहेबांना हे पटलंसुद्धा. पण क्षमाने तोवर दार उघडलं होतं आणि मंजुळा बाहेर पडली होती. जाता जाता तिने ऐकलं, साहेब म्हणत होते, आता ती उदबत्ती विझव, डोकं दुखायला लागलंय.

बाहेरच्या पॅसेजमध्ये ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली. दार बंद. आतून लहूचा आवाज यायचा, शब्द नाहीत, फक्त चाल; सासऱ्याकडून स्कूटर मागताना लागली होती तीच गोड चाल. मग साहेब हसले. मंजुळाने डोळे मिटले. घराचं दार डोळ्यांपुढे आलं, पत्र्याचं, आतून नुसती दोरी बांधलेली. पत्र्याला गोळी अडत नाही. आपण चुकलो, असं तिला वाटलं. वकिलीणबाईंचं ते अर्धं वाक्य "तुम्ही फक्त खोली सोडू नका" असंच असणार. ती परत आत जाणार, तेवढ्यात खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि हसणं थांबलं.

"लहू, जरा इकडे ये. अजून जवळ ये. हं. आता बोल, थेंब नाही म्हणालास?"

आतून नुसता खोकल्याचा आवाज आला.

"आलास कशाने?"

स्कूटर फाटकासमोर आडवी लावलेली होती, सगळ्या ठाण्याला दिसत होती.

नाकाबंदीचं फुंकायचं यंत्र मागवलं गेलं. लहू तीनदा फुंकला आणि तिन्ही वेळा यंत्राला काही पोचलं नाही. "गाल फुगवू नका हो, फुंका," असं क्षमा सांगत होती, लहान मुलाच्या वाढदिवसाला सांगतात तसं. चौथ्यांदा आकडा आला आणि तो एवढा आला की साहेबांनी यंत्र एकदा झटकून पाहिलं. मग ते भयंकर चिडले. लहू पिऊन आला याचा राग त्यांना कमी होता. आणखी दोन शब्द लिहिले असते तर ते कुणाच्या सहीने गेले असते, याचा जास्त होता. जुना कागद फाडून त्यांनी नवा घेतला. शिफारस नाही. कारणं लिहिली, त्यात कोर्टाचा आदेश आता ठसठशीत आला, आणि आदेश असताना अर्जदार पत्नीच्या पाठोपाठ खुर्ची घेऊन फिरला हेही आलं. ते क्षमाने सांगितलं, खिडकी आणि कपाट दोन्ही नावानिशी.

लहूला घेऊन जाताना तो मंजुळापाशी थबकला. "संध्याकाळपर्यंत सुटतो मी," तो म्हणाला. आवाजात गोडवा नव्हता.

"हेही लिहिते," क्षमा म्हणाली आणि त्याला पुढे ढकललं.

मग साहेबांनी मंजुळाला आत बोलावलं. स्कूटर जप्त झाली होती आणि कागद तिच्या नावावर निघाले होते. सोडवायची तर मालकाने कोर्टात हजर राहायचं, असं त्यांनी समजावलं. त्यांचा सूर आता बराच मऊ होता. नवऱ्याची तारीख आणि गाडीची तारीख एकच पडेल, दोघं बरोबरच येऊन जा, म्हणजे फेरा वाचेल.

त्या स्कूटरवर ती रोज पहाटे बंदरावरून पाटी आणायची; लहूने मागच्या महिन्यात ती गल्लीतून रातोरात उचलली होती. आता ती हाताशी आली होती, फक्त एक दिवस लहूच्या बाजूला उभं राहायचं होतं.

"राहू दे साहेब इथंच," ती म्हणाली.

"अहो, गंजून जाईल."

"जाऊ दे."

क्षमाने संध्याकाळी गस्तीची गाडी गल्लीतून फिरवते म्हणून सांगितलं आणि स्वतःचा नंबर दिला. मंजुळा चालत निघाली. वाटेत हार्डवेअरच्या दुकानात तिने दाराला आतून लावायची कडी मागितली. दाखवलेल्या चार बाजूला सारून तिने वरच्या फळीवरची पाचवी काढायला लावली. दुकानदार म्हणाला, ताई, ही गोदामाला लागते, घराला एवढी कशाला. मंजुळाने ती हातात धरून वजन पाहिलं.

"पत्र्याच्या दाराला बसेल ना?" तिने विचारलं. "आणि बसवणारा माणूस आत्ता मिळेल का? संध्याकाळच्या आत?"