आप्पांचा अबोला

"कोन हाय गं ती? थांब की जरा!"

धुक्यातून हाक आली. पहाटेचे साडेपाच, डिसेंबरची थंडी, आष्ट्याहून सांगलीकडे जाणारा रस्ता. घरातून निघून तीन किलोमीटर झाले होते, तरी बोटं बधिरच होती. आज तीस पळायचे होते आणि थांबायचं माझ्या मनात नव्हतं. पण दूध डेअरीच्या बल्बखालून चंद्राकाकू सरळ रस्त्यावर येऊन उभ्या राहिल्या.

"नाथाजीभाऊची क्रांती न्हवं? पळन्यावरनंच वळीकलं. बापावानीच खांदं उडवतीस."

"हो, मीच. कशा आहात काकू?"

"हाय की. आत ये, च्या ठेवते."

"नको, अंग गार पडेल," म्हणत मी जागच्या जागी पाय हलवत राहिले. खरं तर मला तिथं थांबायचंच नव्हतं. आप्पा, म्हणजे माझे वडील, गेल्यापासून वर्षभर मी विश्रामबागेत, नोकरीच्या गावी, मैदानाला फेऱ्या मारत होते. या रस्त्यावर त्यांच्यानंतर आज पहिल्यांदाच आले होते.

कुपवाडच्या एका कारखान्यात आप्पांनी एकतीस वर्षं लेथ चालवला. निवृत्त झाल्यावर, पोरगी अंधारात एकटी नको म्हणून माझ्यामागे सायकलवरून यायचे. एकदा सायकल पंक्चर झाली, तर ती उसाच्या कडेला टाकून चपलांवर पळाले. पुढच्या आठवड्यात त्यांनी मला त्यांच्या मापाचे बूट आणायला लावले आणि त्यांचा मॅरेथॉनचा अर्जही भरायला लावला. कानटोपी, मफलर, वर माझ्या धाकट्या भावाचा टीशर्ट, हातात बॅटरी. 'पेस', म्हणजे पळण्याचा वेग, हा शब्द त्यांना कधी आला नाही. "आज माझा पेच किती पडला?" असं विचारायचे.

बेचाळीस किलोमीटरला साडेसहा तास मिळणार होते. आप्पांना माझ्या हिशेबानं बारा मिनिटं जास्त लागत होती. पाय चांगले होते, दम चांगला होता. वेळ जात होता तो माणसांत. दिसेल त्याला राम राम, वर चार वाक्यं.

"आप्पा, आता महिनाभर वाटेत कुणाशी बोलायचं नाही."

"एकाशीबी न्हाई?"

"एकाशीही नाही."

"बरं बाई. मास्तरीण हायस तू."

आप्पांनी ते पाळलं. बारा मिनिटं भरून निघाली. मी त्यांची पाठ थोपटली. भोगीच्या दुपारी, मॅरेथॉन पाच दिवसांवर असताना, बाजरीची भाकरी खाऊन आडवे झाले ते उठले नाहीत.

"एक इचारू?" चंद्राकाकू म्हणाल्या. "खरं सांगशील?"

"विचारा ना."

"माझं काय चुकलं हुतं गं?"

"कधी, काकू?"

"भाऊनं बोलनं टाकलं माझ्याशी. मालक गेल्यावर ह्या डेअरीत मला त्येनीच चिकटवलं. रोज हितं थांबून चार शब्द बोलल्याबिगर पुढं गेलं न्हाईत कवा. आन् येकाएकी गप. वर डोळ्यावर बॅटरी मारून जायाचं. एकदा न्हाई, लागोपाठ दोनदा. रोज. म्या म्हनलं, लय राग धरलाय. संक्रांतीला तिळगूळ दिऊन बोलतं करीन म्हनलं, तर भोगीलाच..." त्यांनी पदर हातात घेतला. "मातीला आले न्हाई मी. बोलनं टाकल्यालं मानूस. कुठल्या तोंडानं यायाचं?"

आमच्याकडे बोलणं टाकतात तेही आधी सांगून. बांधावर भांडण होतं, दोन्हीकडून शिव्या होतात आणि मग अबोला. कारण न सांगता टाकलेलं बोलणं माणूस वर्षानुवर्षं उकरत बसतो. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. तरी मी मिनिटंच मोजली होती.

माझे पाय थांबले.

"काकू, त्यांना मी सांगितलं होतं. वाटेत बोलू नका म्हणून. वेळ जातो म्हणून."

"येळ? किती येळ?"

"बारा मिनिटं."

"बारा?" त्या म्हणाल्या.

"आणि ती बॅटरी रागाची नव्हती," मी म्हणाले. तसं मला कुणी सांगितलं नव्हतं, पण माझे वडील मला माहीत होते. "मी तोंडाला बंदी घातली होती. बॅटरीला घातली नव्हती. दोनदा मारली म्हणजे राम राम."

काकू दुधाच्या पालथ्या क्रेटवर बसल्या. आधी हसल्या.

"आगं शिकल्याली येडी! आन् त्यो म्हातारा तरी! तुझं ऐकत बसला व्हय!" मग पदर तोंडाला लावला आणि बराच वेळ काढला नाही. किटल्या घेऊन आलेली दोन-तीन माणसं किटल्या खाली ठेवून उभी राहिली.

"कुठं अग्नी दिला त्येनला?"

"आमच्या रानातच. इथून जवळ, ओढ्याच्या कडेला."

"चल."

"काकू, दूध घालायला लोक आलेत."

"धुळा, माप घे रं तू!" त्या किटलीवाल्यांपैकी एकाला ओरडल्या आणि चालायलाही लागल्या.

मी त्यांच्या चालीनं चालले. मनगटावरचं घड्याळ वेग पडला म्हणून कुरकुरत होतं. मी त्याला कुरकुरू दिलं. उसाच्या ट्रॉल्या गाणी लावून शेजारून जात होत्या आणि काकू प्रत्येक ड्रायव्हरला हात करत होत्या.

ओढ्याकाठी आता काही खूण उरली नाही, नुसती सपाट माती आहे. मी जागा दाखवली. काकूंनी चपला काढल्या, डोक्यावरून पदर घेतला. मला वाटलं, आता रडतील.

"काय नाथाजीभाऊ," त्या डेअरीतल्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "आमची म्हस व्याली हो. रेडी झाली."

आणि उत्तरापुरता वेळ गप्प उभ्या राहिल्या.