पिंगळ्याचा घास

माझी लेक शेफू चिऊ-काऊच्या नावाने कधी जेवलीच नाही. तिला घास लागायचा तो पिंगळ्याचा.

कोथरूडच्या आमच्या सोसायटीत पार्किंगच्या कडेला जुना शिरीष आहे. त्याच्या ढोलीत पिंगळ्यांची, म्हणजे छोट्या घुबडांची, जोडी राहायची. दिवेलागणीला मी वरणभाताची वाटी हातात धरून, शेफूला कडेवर घेऊन गॅलरीत उभी राहायचे. ढोलीतून आधी एक गोल डोकं वर यायचं, मग पिवळे डोळे. "हा घास पिंगळ्याचा" म्हटलं की इवलासा आ व्हायचा. मार्चमध्ये आतून पिल्लांची चिरचिर ऐकू यायला लागली.

नेमका तेव्हाच शिरीषावर फ्लडलाइट लावायचा विषय सोसायटीच्या मीटिंगला आला. शेफूला ताप होता, म्हणून माझा नवरा दिग्विजय एकटाच गेला.

"सांगशील ना? निदान पिल्लं उडेपर्यंत थांबा म्हणावं."

"अगं हो. मलाही आवडतात ती."

परत आल्यावर चपला काढता काढता म्हणाला, "बोललो."

मी निर्धास्त झोपले.

चारच दिवसांत दिवा लागला, थेट ढोलीवर. मी शेफूला घेऊन खाली धावले. चेअरमन रावसाहेब काका मान वर करून कौतुकाने बघत होते.

"काका, दिग्विजयने सांगितलं होतं ना, पिल्लं आहेत म्हणून?"

"पिल्लं? छे! उलट त्यांनीच जागा सुचवली. म्हणाले, बायको लेकराला घेऊन अंधारात खाली येते. आता कसं, लख्ख!"

माझंच लेकरू पुढे केलं होतं त्याने.

पिंगळा ढोलीच्या तोंडाशी यायचा, डोळे बारीक करायचा, मागे सरायचा. बाहेर पडायचा तो फार उशिरा. आतली चिरचिर रोज बारीक होत गेली. काल ती आलीच नाही.

आज दिग्विजय ऑफिसातून आला तेव्हा शेफू तोंड घट्ट मिटून झाडाकडे बोट दाखवत होती.

"दिग्विजय, तू मीटिंगमध्ये नक्की काय बोललास?"

हेल्मेट ठेवून तो खुर्चीत टेकला. "अगं, सगळ्यांनाच लाइट हवा होता. दोन पक्ष्यांसाठी मी एकटा कुठे वाईट होऊ? आणि तुमच्या सोयीचंच आहे की."

मी वाटी त्याच्या हातात दिली, शेफूला त्याच्या मांडीवर बसवलं.

"आजपासून तू भरव. घास कोणाचा, तेही तूच सांग तिला."