मीठ हातात द्यायचं नसतं

कोलशेतला आमच्या बाल्कनीतून टॉवर सोडून काही दिसत नाही. तरी गोदाआजी पाहुण्यांना चौथ्या टॉवरकडे बोट करून सांगते, "ते बघा, माझ्या बापाचं मिठागर." लग्न होईपर्यंत ती तिथे मीठ ओढायची.

इटलीतल्या सिसिली बेटावर मिठागरं अजून चालू आहेत, हे मी वाचलं आणि आजीच्या मागे लागले. शहात्तर वर्षांची ही बाई विमानाचं नाव काढू देत नव्हती. शेवटी मी म्हटलं, "आजी, तिथे तुला मिठागरातलं मीठ चाखायला मिळेल." त्यावर ती तयार झाली. शब्द मी दिला होता, त्यामुळे चुकलं तर माझंच चुकणार होतं.

आजी, बाबा आणि मी सिसिलीला पोचलो. जेवायचं हॉटेलही मीच निवडलं, मिठागराच्या अगदी काठावरचं. मेनूकार्ड सहा भाषांत, प्रत्येक पदार्थाचा फोटो. दारातला माणूस ओरडला, "नमस्ते इंडिया!"

"दारात उभं राहून बोलावतात तिथं आपण जत्रेतसुद्धा जेवत नाही," बाबा म्हणाले.

"रेटिंग चार पॉइंट सहा आहे, बाबा. तीन हजार लोकांनी दिलंय."

मिठात भाजलेला मासा मागवला. वेटरने मिठाचं कवच हातोडीने फोडलं, आम्ही फोटो काढावा म्हणून थांबला, आणि मग सगळं मीठ बादलीत लोटलं.

"अगं, टाकलं!" आजी कळवळली. "एवढं मीठ टाकलं मेल्यानं!"

दोन किलो मिठात भाजूनही मासा अळणी राहू शकतो, हे मला त्या दिवशी कळलं. "शिला पन हाय," माशाचा वास घेऊन आजीने निकाल दिला. मी वेटरला खूण करून मीठ मागितलं आणि विचारलं, "हे इथल्या मिठागरातलंच ना?"

"ऑफ कोर्स, मॅडम!" त्याने आजीचा हात धरला आणि तळव्यावर मिठाची बाटली उपडी केली. आजीने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. मीठ टेबलभर सांडलं.

"हातात नको देऊ रं! भांडान होतं!"

मग सांडलेल्यातली चिमूट उचलून तिने बोटांत चोळली. दाणे वाळूसारखे घरंगळले. "पाकिटातलं हाय. मिठागरातलं चिकटतं."

बरोबर होतं तिचं. मिठागरातल्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असतात, ते हवेतलं पाणी ओढतात. हे मी एम.एस्सी.ला शिकले, ती अंगठ्याने शिकली.

"एवढ्या लांब पाकिटातलं मीठ खायला आणलंस?" बाबा म्हणाले.

"मग तुम्ही शोधायचं होतं हॉटेल!"

"मी दारातच सांगितलेलं!"

"बघ," आजी शांतपणे म्हणाली. "लागलं भांडान."

आवाज ऐकून स्वयंपाकघरातून एक म्हातारी बाहेर आली, एप्रनला हात पुसत. तिने सांडलेलं मीठ पाहिलं, वेटरच्या हातातली बाटली पाहिली, आजीचा मिटलेला तळवा पाहिला. मग तिने वेटरला असं झापलं की तो दोन पावलं मागे सरकला. इटालियन मला येत नाही, पण हातवारे समजले: हातात नाही, टेबलावर ठेव!

"हिला म्हायती हाय," आजी म्हणाली.

म्हातारी आत गेली आणि एक बरणी घेऊन आली. आतलं मीठ करडं, ओलसर होतं. खिडकीतून मिठागराकडे बोट करून तिने बरणी टेबलावर ठेवली आणि आपला हात बाजूला घेतला. मगच आजीने चिमूट उचलली. चोळली. दाणे अंगठ्याला चिकटले. तिने ते मीठ जिभेवर ठेवलं.

"कडवट हाय," ती म्हणाली. "बापाचं व्हतं तसं."

मग तिने ते अळणी माशावर भुरभुरलं आणि सगळा मासा संपवला.

निघताना म्हातारीने थोडं मीठ कागदात बांधून आणलं. बाबांनी हसत हात पुढे केला.

दोघी म्हाताऱ्या एकदमच ओरडल्या, आपापल्या भाषेत.