बसचे तास

चार वाजता परीक्षेला बसणाऱ्यांची यादी लागणार होती आणि मयुरी लॅबच्या दारातून हलायला तयार नव्हती. पंच्याहत्तर टक्के हजेरी नसली की परीक्षेला बसता येत नाही. तिची एकाहत्तरच भरत होती. बोरकुंडची बसच उशिरा येते, हे तिने तिसऱ्यांदा सांगितलं.

"मी काय करू, बाई? कॉम्प्युटर जे काढतो ते मी लावते," सविता म्हणाली.

देवपूरच्या त्या कॉलेजातले कॉम्प्युटर सविताच सांभाळायची. तोताराम नानांनी पायथन या कॉम्प्युटरच्या भाषेत लिहिलेले जुने प्रोग्राम तपासा, त्यातली उदाहरणं चुकली तर काढून टाका, असं प्राचार्यांनी फर्मावलं होतं. तिच्या आधी हे काम पाहणारे नाना गेल्या पोळ्याला वारले. भारी काटेकोर माणूस! प्रोग्रामच्या प्रत्येक तुकड्याच्या डोक्यावर उदाहरणाची टीप लिहायचे, एवढं दिलं की एवढंच आलं पाहिजे. तेही आधी कागदावर हाताने सोडवून. पायथन ती उदाहरणं जशीच्या तशी चालवून बघतं आणि चुकलं तरच बोलतं.

हजेरीच्या प्रोग्रामला ते बोललं. नानांच्या उदाहरणात तास चाळीस, हजर एकोणतीस, बसमुळे बुडालेले तीन. नानांचं उत्तर अठ्ठ्याहत्तर, कोडचं बहात्तर.

वय झालं होतं नानांचं, चुकले असतील, म्हणून सविता उदाहरण खोडायला निघाली. पण नाना आणि चुकणार? तिने कागद ओढला. चाळिसातून बसचे तीन गेले, सदतीस उरले. त्यात एकोणतीस हजर. अठ्ठ्याहत्तरच! मग कोडमधली वजाबाकी गेली कुठे? बदलांच्या नोंदीत सापडलं: तीन वर्षांपूर्वी, 'अनावश्यक ओळ काढली'. खाली तिचंच नाव.

तिचं घर कॉलेजपासून हाकेच्या अंतरावर. बसची वाट तिने जन्मात पाहिली नव्हती.

ती तडक गेटवर गेली. उशिरा आलेल्या बसची वही अजून लिहिता का, असं तिने वॉचमन झिपरू आबांना विचारलं.

"नानानी सांगेल व्हतं ना, ताई," आबा म्हणाले. "बठ्ठं लिखेल शे." वहीत खरंच सगळं तारखेवार लिहिलेलं होतं.

तिने ओळ परत बसवली आणि वहीतले बसचे तास भरले. मयुरीचे सत्त्याहत्तर झाले आणि ती एकदाची हसली. सविताला मात्र हसू येईना. आबांच्या जुन्या वह्या घेऊन ती संध्याकाळपर्यंत बसली. तीन वर्षांत अकरा पोरं उगीच अडकली होती. त्यातला राकेश कॉलेज सोडून पांझरा नदीच्या पुलाजवळ पंक्चर काढतो. तिच्या स्कूटीचंही काढतो, आणि तिला मॅडम म्हणतो.

प्राचार्यांच्या नावाने तिने अर्ज लिहिला. अकरा नावं लिहिली आणि खाली, 'चूक माझी आहे.'

मग सगळी उदाहरणं पुन्हा एकदा चालवली. स्क्रीनवर काहीच आलं नाही. सगळं बरोबर असलं की पायथन काहीच बोलत नाही. अर्ज मांडीवर घेऊन सविता त्या कोऱ्या स्क्रीनपुढे बसून राहिली.