खरबरीत पट्टे

आमच्या ह्यांना खोकड चावलं ते १९९३ सालच्या चैत्रात. त्याच वर्षी पुढे गणपती उठले आणि लातूरला भूकंप झाला, म्हणून साल पक्कं लक्षात आहे. खोकड म्हणजे माळावरचा लहान कोल्हा.

मी अंगणात कुरडया घालत होते. तेवढ्यात बिरू, कालव्याचं पाणी सोडणारा ह्यांच्या हाताखालचा पाटकरी, ह्यांना सायकलवर डबलसीट घेऊन आला. ह्यांची पँट कमरेपर्यंत भिजलेली, मनगटाला बिरूचं मुंडासं गुंडाळलेलं.

"वैनी, घाबरायचं न्हाय," बिरू सायकल भिंतीला लावत म्हणाला. "रावसायबांस्नी खोकाड चावलंया. पर खोकाड बरं हाय."

"निघालं ते बाहेर," हेही समाधानानं म्हणाले.

त्या काळी असल्या चाव्याची इंजेक्शनं पोटात घ्यावी लागत. रोज एसटीनं इंदापूर. तिथल्या कंपाउंडरनं पहिल्या दिवशी विचारलं, "कुत्रं पाळीव होतं का?" हे म्हणाले, "खोकड होतं. पाण्यात पडलं होतं, मी वर काढलं." दुसऱ्या दिवसापासून तो ह्यांना बघितलं की आतल्या सिस्टरला हाक मारायचा, "खोकडवाले आले."

हे पाटबंधारे खात्यात ओव्हरसिअर होते. अंथुर्ण्याच्या माळाकडेनं जाणारा एक फाटा, म्हणजे मोठ्या कालव्यातून निघालेला धाकटा कालवा, ह्यांच्याकडे होता. पाणी मातीत मुरायचं, म्हणून आदल्या वर्षी त्याला दोन्ही अंगांनी काँक्रीटचं अस्तर केलं. ह्यांचं काम असं, की बाकीचे ओव्हरसिअर ते मुद्दाम बघायला येत. मोठ्या साहेबांनी अस्तरावरून तळवा फिरवला आणि म्हणाले, "मोहनराव, ह्यात बघून भांग पाडता येईल. उपअभियंत्याच्या बढतीला तुमचं नाव धाडतो." त्या रात्री ह्यांनी दोनदा श्रीखंड मागून घेतलं.

पण माळावरच्या जनावरांना बढतीचं काय. मातीचा काठ होता तेव्हा ती उतरत, पाणी पीत, वर चढून जात. आता पाय ठेवला की थेट आत. वर यायला नखाला धर नाही. पोहून पोहून दमायची आणि सकाळी कालव्याच्या फाटकाच्या जाळीला मेलेली लागायची. ससे, मुंगसं, खोकडं. एकदा चिंकाऱ्याची मादी लागली, गाभण होती. त्या दिवशी हे जेवायला बसेनात. मी विचारलं, काय झालं. म्हणाले, "काम फार चांगलं झालंय," आणि पुन्हा हात धुवायला गेले.

साहेब लासुर्ण्याच्या कचेरीत आले तेव्हा ह्यांनी विषय काढला.

"साहेब, मधे मधे खरबरीत चढण करावी म्हणतो."

"कुणासाठी?"

"खोकडांसाठी."

साहेबांनी कपबशी खाली ठेवली. "मोहनराव, आपण शेतकऱ्यांसाठी बांधतो. शेतकऱ्यानं अर्ज केला तर विचार करता येतो. खोकडानं अर्ज केलाय?"

"नाही साहेब."

"मग?"

एवढ्यावर दुसरा कुणीही गप्प बसला असता. ह्यांनी पाणी बंद असताना बिरूला आणि एका गवंड्याला हाताशी धरून हिवराच्या झाडाखाली दगडांची एक चढण बांधून टाकली. दोन हात रुंद, ओबडधोबड पायऱ्यांसारखी. पुढचं पाणी सुटल्यावर चौथ्या की पाचव्या सकाळी मला मोटरसायकलवर बसवून तिकडे घेऊन गेले. दगडांवर चिखलाची ओली पावलं उमटली होती. खालून वर गेलेली, आणि पुढे माळाला लागलेली. लग्नानंतर ह्यांनी मला फिरायला म्हणून नेलं ते पंढरीला नाही की महाबळेश्वरला नाही, खोकडाचे पाय बघायला.

मात्र नकाशात नसलेलं बांधकाम म्हणजे लग्नातला आगंतुक पाहुणा. जो तो विचारतो, हा कुणाकडचा. साहेब पाहणीला आले आणि जीप नेमकी हिवराच्या सावलीत उभी राहिली.

"हे काय आहे?"

ह्यांना खोटं बोलता येत नसे. बिरूला येत होतं.

"बाया धुनं धुत्यात, सायेब."

"गाव इथून केवढं लांब. इथं कोण धुणं धुतं?"

"लांबच्या बाया हायत्या, सायेब."

साहेबांनी ह्यांच्याकडे बघितलं. हे जमिनीकडे बघत होते. "सोमवारी मी परत येतो," साहेब म्हणाले. "तोवर हे फोडून पहिल्यासारखं गुळगुळीत झालं पाहिजे. बढतीची यादी अजून माझ्या टेबलावर आहे, एवढं ध्यानात ठेवा."

सोमवारी साहेबांच्या आधी ह्यांची माणसं पहारी घेऊन पोहोचली. मीही दशम्यांचा डबा घेऊन गेले होते. बघतो तर चढणीच्या वरच्या दगडापाशी एक गोल धोंडा, भंडाऱ्यानं पिवळाधमक. शेजारी बिरूची आई, बानूबाई, मांडी घालून बसलेली. तिच्या घरी पूर्वी मोठा वाडा होता, मेंढरांचा. आता राहिलेल्या पाचसहा मेंढ्यांपैकी एक त्या चढणीनंच बाहेर आली होती.

"बिरोबा पान्यातनं वर आला," ती म्हणाली. "ह्याच पायऱ्यांनी. म्या बघितलं."

"कधी, बानूबाई?" ह्यांनी विचारलं.

"तुमी झोपला व्हता तवा."

माणसांनी पहारी खाली ठेवल्या आणि चपला काढल्या. इतक्यात साहेबांची जीप आली. साहेब उतरले, भंडारा बघितला, माणसं बघितली.

"फोडा," ते म्हणाले. पण आवाज पडला होता.

"फोडा की, सायेब," बानूबाई शांतपणे म्हणाली. "पयला घाव तुमी घाला. आमी मागनं हायच."

साहेबांनी एक हात जीपला टेकवला. मग दुसऱ्या हातानं बुटाची नाडी सोडू लागले. बिरूनं लगबगीनं भंडाऱ्याची पिशवी पुढे केली. कपाळ पिवळं झालेलं असताना साहेब ह्यांच्या कानाशी येऊन म्हणाले, "अस्तित्वातील धार्मिक स्थळ म्हणून दाखवा. मी काही बघितलं नाही."

चढण वाचली. ह्यांनी येताना माझ्या डब्यातली शेवटची दशमीही खाल्ली.

पण देव एकदा बसला की एकटा राहतो थोडाच. पहिल्या रविवारी दहाजण आले, दुसऱ्या रविवारी ट्रॅक्टर भरून. नारळवाला आला, भेळवाला आला, मग कुणी पत्र्याची शेड घातली आणि भोंगा लावला. गजी ढोल वाजू लागले. सांगवीच्या एका माणसाचं मोडलेलं लग्न तिथं नवस केल्यावर जमलं, मग तर विचारूच नका. आणि जनावरं तिकडे फिरकेनात. फाटकाच्या जाळीला पुन्हा खोकडं लागू लागली.

हे बानूबाईकडे गेले. तिनं ऐकून घेतलं.

"मग देवाला सांगू का, आता उठ म्हून?"

"नको. पण जनावरांचं काय करायचं?"

"अवो रावसायब, तुमी चांगलं बांधता म्हून तर मानसं बघाय येत्यात. वंगाळ बांधा. वंगाळ कामाकडं कोन बघतंय?"

तिनं ते चेष्टेत म्हटलं होतं. ह्यांनी खरं धरलं.

पुढच्या वेळी पाणी बंद झालं तेव्हा दुरुस्तीच्या नावाखाली ह्यांनी माळाच्या बाजूला ठिकठिकाणी अस्तराचे पट्टे उखडले आणि पुन्हा घातले. मोठी खडी वर येऊ दिली, थापी फिरवलीच नाही, कडा वाकड्या ठेवल्या. गवंड्याला लाज वाटायला लागली. तो म्हणाला, "रावसायब, माझं नाव सांगू नका कुनाला." हे स्वतः गुडघ्यावर बसून ओल्या काँक्रीटमधे बोटांनी खाचा ओढत होते. ज्या हातानं आरसा केला होता, त्याच हातानं. काम आटोपल्यावर लांब उभे राहून बघितलं आणि मला म्हणाले, "काय घाण दिसतंय."

पट्ट्यांबद्दल कुणी काही विचारलं नाही. फक्त पाहणीत शेरा पडला, दुरुस्तीचं काम निकृष्ट. बढतीच्या यादीतून नाव गेलं. मी म्हटलं, "अहो, साहेबांना खरं सांगा की."

"सांगितलं की ते नीट करायला लावतील," हे म्हणाले आणि पेपर वाचायला लागले. त्या दिवशी पेपरचं पान त्यांनी बराच वेळ उलटलं नाही. पट्टे झाल्यापासून जाळीला लागायचा तो फक्त पाला आणि दर्शनाला येणाऱ्यांच्या चपला.

बानूबाई पुढे त्या देवाची पहिली मानकरीण झाली आणि पिकल्या वयात गेली. बिरू देवस्थानचा विश्वस्त आहे. सरकारी नोकरीत मिळाला नाही एवढा मान मिळतो, असं म्हणतो. साहेब निवृत्तीनंतर पुण्याहून दरवर्षी दर्शनाला येत आणि हा देव माझ्या कारकिर्दीत प्रकटला, असं शेजारच्याला सांगत. हे ओव्हरसिअर म्हणूनच निवृत्त झाले. त्यांना जाऊन आता आठ वर्षं झाली.

मागच्या उन्हाळ्यात एसटीनं बारामतीहून इंदापूरला चालले होते. फाट्याचं पाणी उतरलेलं, पट्टे उघडे पडलेले. पुढच्या सीटवरचा एकजण सोबतच्याला म्हणाला, "बघ की. कुनी केलंय असलं काम, काय माहीत."

"आमच्या ह्यांनी," मी म्हटलं.

तो मागे वळला. मग त्यानं मला नीट दिसावं म्हणून खिडकीची काच आणखी थोडी सरकवली.