पाचशेव्या सामन्याची अंघोळ

"काकू, आत गेल्यावर एवढंच म्हणायचं, की मस्ती चालली होती आणि तुम्हाला काही लागलं नाही. पुढे एक अक्षर बोलायचं नाही. बाकीचं मी बघून घेते."

कप्तान हे तिसऱ्यांदा सांगत होती. क्लबच्या कचेरीबाहेरच्या बाकावर दोघी बसल्या होत्या. आत क्लबचे सचिव होते, संघाचे प्रशिक्षक होते आणि हॉकी संघटनेच्या शिस्तपालन समितीच्या एक बाई खास बाहेरून आल्या होत्या. आधी कप्तानला बोलावणार, मग काकूंना. काकूंनी मान डोलावली, पण ती नुसतीच.

या काकू काही कुणी मोठ्या असामी नव्हेत. महिला हॉकी संघाची ड्रेसिंग रूम सत्तावीस वर्षं त्यांच्या ताब्यात होती, एवढीच त्यांची थोरवी. जर्सी धुवायच्या, वाळवायच्या, नंबराप्रमाणे खुंटीवर लावायच्या, पट्ट्या-बाटल्या भरायच्या, पोरींचे दुखरे पाय बुडवायला टबात बर्फ ओतायचा आणि किटच्या पेट्या मैदानावर न्यायच्या-आणायच्या. मुलींची नावं त्या हटकून चुकायच्या, नंबर मात्र कधी चुकल्या नाहीत. एखादीच्या मोज्याला भोक पडलं की ते आधी काकूंना कळायचं, मोजेवालीला मागाहून.

झालं होतं ते असं. गेल्या शनिवारी उपांत्य सामना जिंकून पोरी आत आल्या त्या नाचतच. या संघात एक जुनी पद्धत आहे. जिचा शंभरावा सामना असेल तिला बुटांसकट उचलून बर्फाच्या टबात टाकायचं. कितीही हातपाय झाडले तरी सुटका नाही. त्या दिवशी कुणाचाच शंभरावा नव्हता. पण गोलकीपर, जिला सगळ्या 'भिंत' म्हणतात, तिने कुठून तरी हिशेब काढला होता, की काकूंचा आज पाचशेवा सामना आहे. झालं, तिघींनी मिळून काकूंना उचललं. "अगं मेल्यांनो, सोडा, म्हातारी मरेल ना," असं काकू ओरडत होत्या आणि ओरडता ओरडता हसत होत्या.

खरं सांगायचं तर काकूंना त्या क्षणी फार म्हणजे फार बरं वाटलं होतं. साठेक पोरी त्या टबात पडलेल्या त्यांनी पाहिल्या होत्या. प्रत्येकीसाठी बर्फ त्यांनीच ओतला होता, आणि पंचा घेऊन बाजूला त्याच उभ्या राहिल्या होत्या. आपल्यालाही कुणी टाकावं असं इतक्या वर्षांत कुणाच्या मनात आलं नव्हतं. काकूंच्या आलं असेल एखाद्या वेळी, पण असलं काही सांगतं का कुणी?

घोटाळा झाला तो पुढे. पाण्यात पडल्यावर काकूंची जर्सी जाकिटासकट फुगून वर आली आणि आतला कमरेचा पट्टा उघडा पडला. हा चांगला वीतभर रुंदीचा, पट्ट्यापट्ट्यांचा, डॉक्टरांनी दिलेला पट्टा. आठ महिन्यांपूर्वी मणक्यातली चकती सरकली, तेव्हापासून तो त्यांच्या कमरेला होता. पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं होतं. एकट्या गोलकीपरची पेटी पंचवीस किलोची. काकूंनी तो कागद औषधाच्या डब्याच्या तळाशी घातला आणि पट्ट्यावरून जर्सी, जर्सीवरून जाकीट असं उन्हाळ्यातसुद्धा घालून फिरल्या.

लपवायचं कारण होतं मैदानावरचा माळी. दोन वर्षांपूर्वी त्याचा गुडघा गेला. क्लबने त्याला पुष्पगुच्छ दिला, दोन जणांनी चांगली भाषणं केली, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी दुसरा माणूस आला. त्यानंतर कितीतरी दिवस तो फाटकाबाहेर उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, की डाव्या कोपऱ्यातलं गवत चुकीचं कापतात. काकूंना तो दिसला की त्या रस्ता बदलायच्या. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती, मुलगा आपल्या संसारात गावाच्या दुसऱ्या टोकाला. ही ड्रेसिंग रूम गेली तर सकाळी उठून जायचं कुठे?

तर टबात पडल्या पडल्या काकूंना दिसलं, की क्लबची व्हिडिओवाली मुलगी फोन धरून समोर उभी आहे. त्यांचं हसू तिथेच आटलं. सगळ्यात जवळ कप्तान होती. काकूंनी तिचं मनगट धरलं आणि तिच्या कानात म्हणाल्या, "पट्टा दिसू देऊ नकोस गं, पाया पडते." कप्तानने मागचा पुढचा विचार केला नाही. मोठा पंचा ओढला, काकूंच्या अंगावर टाकला आणि वरून स्वतः आडवी पडली. "बंद कर ते," असं ती ओरडलीही.

व्हिडिओवालीने त्यावर गाणं चढवून तो क्लबच्या पानावर टाकला, त्यामुळे ओरडणं कुणालाच ऐकू आलं नाही. दिसलं एवढंच, की तीन दांडग्या पोरी एका वयस्क बाईला उचलून बर्फात आदळतायत आणि चौथी तिच्या तोंडावर पंचा टाकून तिला खाली दाबतेय. चांगली सात सेकंद.

मग काय विचारता. ज्यांनी जन्मात हॉकीची काठी हातात धरली नव्हती तेही तावातावाने बोलू लागले. खेळाडूंची मस्ती असतेच, त्यात एवढं काय, असं काही म्हणत होते. गरीब बाईला बुडवलं, या पोरींना घरी बसवा, असं बाकीचे म्हणत होते. कप्तानच्या घरच्यांनाही लोकांनी सोडलं नाही. काकूंचा मुलगा विम्याच्या कचेरीत होता. त्याने तो व्हिडिओ अकरा वेळा पाहिला आणि संध्याकाळी येऊन धडकला. "आई, तुझं खेळणं केलंय त्यांनी. उद्याच्या उद्या सोड ही नोकरी," असं म्हणून तो रडायच्या बेताला आला. खरं काय ते काकूंच्या ओठांवर आलं होतं, पण पट्ट्याचं कळलं असतं तर त्यानेच पहिल्यांदा नोकरी सोडायला लावली असती. त्यांनी त्याला चहा दिला आणि विषय बदलला.

असे पाच दिवस गेले. या पाच दिवसांत कप्तानने कुणापाशी ब्र काढला नाही. एक वाक्य बोलली असती तर सुटली असती. रविवारी अंतिम सामना होता, त्यानंतर देशाच्या संघाची निवड, आणि हिचं नाव त्यात असणार हे शेंबडं पोरही सांगत होतं. हे सगळं काकूंना ठाऊक होतं. ठाऊक असून त्या गप्प होत्या, आणि त्याची त्यांना मनापासून लाज वाटत होती.

"तू सांगून टाक ना सरळ," काकू बाकावर हळूच म्हणाल्या. "माझ्यापायी तू कशाला मरतेस?"

"माझं वय आहे, काकू. वर्षभर बसवलं तर पुढच्या वर्षी खेळेन. तुम्हाला एकदा काढलं की परत कोण घेणार आहे?"

तेवढ्यात दार उघडलं आणि तिला आत बोलावलं. नऊ मिनिटांनी ती बाहेर आली तेव्हा तिचे कान लालबुंद झाले होते. चूक झाली असं तिने कबूल केलं होतं. एका वर्षाची बंदी घालायचं चाललंय, म्हणाली, आणि हाताने काकूंना आत जायची खूण केली.

आत समितीच्या बाईंनी काकूंना आधी पाणी दिलं. घाबरू नका, तुमच्यावर कुणाचाही दबाव नाही, असं दोनदा सांगितलं. बाई भल्या होत्या, हे काकूंना पटलं. मग समोरच्या मोठ्या पडद्यावर तो व्हिडिओ लावला. काकूंनी तो एवढा मोठा पहिल्यांदाच पाहिला. आधी त्यांना दिसलं, की टबाची कड घासायची राहिलीय. मग कप्तानचा चेहरा दिसला. केस तोंडावर आलेले, आणि डोळे फोनकडे लागलेले. एखादी आई मुलाच्या अंगावर पांघरूण घालताना जशी दाराकडे बघते तसे.

"यात तुम्हाला अपमान वाटला का?" बाईंनी विचारलं.

मस्ती चालली होती, मला काही लागलं नाही. वाक्य तयार होतं. ते काकूंच्या तोंडातून निघेना. त्या उठल्या, जाकिटाची चेन खाली ओढली, जर्सी वर केली आणि पट्टा उघडा केला. प्रशिक्षकांनी गडबडून छताकडे पाहिलं.

"हे झाकत होती ती," काकू म्हणाल्या. "मीच सांगितलं होतं तिला. मला दाबत नव्हती, मला लपवत होती. आठ महिने झाले, मला वजन उचलायची बंदी आहे. कळलं तर काढाल म्हणून बोलले नाही. तिला शिक्षा करू नका. करायची तर मला करा."

बाईंनी चष्मा काढला आणि विचारलं, की म्हणजे असली मस्ती तुमच्या मते चालते तर. आता लपवायला काही उरलं नव्हतं, त्यामुळे काकूंची जीभ सुटली.

"मला टाकलं ते आवडलं, बाई. खोटं कशाला बोलू? सगळ्यांना टाकतात, मला कधी टाकलं नव्हतं. पण गेल्या हंगामात एका नव्या पोरीला किटच्या बॅगेत घालून वरून चेन लावली होती. ती आत ओरडत होती आणि बाकीच्या हसत होत्या. चेन मी उघडली. दोन दिवस ती पोर जेवली नाही. तेव्हा कॅमेरा नव्हता, म्हणून कुणी समिती नेमली नाही. तीही मस्तीच म्हणत होत्या सगळ्या. मी हसत होते, ती हसत नव्हती, एवढा साधा फरक कळत नाही का कुणाला? आणि आम्ही आत हसू नाहीतर रडू, ते बाहेरच्यांना कशाला दाखवायचं? तिथे बायका कपडे बदलतात. तो फोन दाराबाहेर ठेवायला सांगा."

प्रशिक्षकांची नजर छतावरून थेट बुटांवर आली. बॅगेची गोष्ट त्यांना माहीत होती, हे बाईंच्या लक्षात आलं आणि त्यांनी ती लिहून घेतली. सचिव इतका वेळ नुसते काकूंकडे बघत होते.

"आठ महिने पेट्या कुणी उचलल्या?" त्यांनी विचारलं.

"मीच. थोड्या उचलल्या, थोड्या गुडघ्याने ढकलल्या."

"मग मला सांगायचं नाही का?"

"तुम्ही पुष्पगुच्छ दिला असता."

बाईंना काही समजलं नाही, सचिवांना समजलं. ते खिडकीपाशी गेले. तिथून मैदानाचा डावा कोपरा दिसतो. वळले तेव्हा त्यांचा आवाज नेहमीसारखा कोरडा नव्हता. रविवारपासून पेट्यांना दोन माणसं मिळतील, ड्रेसिंग रूम काकूंचीच राहील, असं त्यांनी सांगितलं. "आणि पेटीला हात लावलेला दिसलात, तर मात्र खरंच आणीन पुष्पगुच्छ," असंही म्हणाले.

कप्तानला समज देऊन सोडायचं ठरलं, तेही समितीला काहीतरी लिहावं लागतं म्हणून. फोन दाराच्या आत न्यायचा नाही, असा नियम झाला. काकू बाहेर आल्या आणि बाकावर बसल्या त्या बसल्याच. हायसं कसं वाटतं ते त्यांना आज कळलं. त्यांनी सगळं सांगितल्यावर, पाच दिवस लोकांच्या शिव्या खाऊन डोळ्यात टिपूस न आणलेली ती पोरगी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडली. काकूंनी तिला रडू दिलं. मग म्हणाल्या, "पुरे आता. जर्सी माझी धुतलेली आहे, तिला नाक पुसू नकोस."

मुलालाही त्यांनी त्याच दिवशी फोन करून पट्ट्यापासून सगळं सांगितलं. तो आधी भडकला, मग रविवारी सामना बघायला येतो म्हणाला. सत्तावीस वर्षांत तो पहिल्यांदाच येणार होता.

रविवारी दोन माणसं वेळेवर आली. तगडी होती. पेट्या त्यांनी कागदाच्या असल्यासारख्या उचलल्या आणि बोलत बोलत पुढे निघून गेली. काकूंना जरा टोचलंच ते. निदान थोडं कुंथायचं तरी, असं त्यांना वाटून गेलं. मागून त्या रिकाम्या हातांनी निघाल्या. हातांचं काय करावं ते कळेना. जाकिटाच्या खिशात घालून पाहिले, बाहेर काढले, पुन्हा घातले.

ड्रेसिंग रूमपासून मैदानापर्यंत एक लांब बोळ आहे. काकू हजारो वेळा त्यातून गेल्या होत्या, पण नेहमी पेटीमागे वाकून. सातव्या फरशीला चीर आहे, मधे एक उंचवटा आहे, दाराशी पाणी साचतं, असा तो बोळ त्यांना पाठ होता. आज मान वर करून चालताना त्यांना दिसलं, की दोन्ही भिंतींवर डोळ्यांच्या उंचीला फोटो लावलेत. जुने संघ, वर्षावर्षाचे, काचेच्या चौकटीत. त्या थांबल्या. दुसऱ्याच फोटोत चार नंबर होती, तेव्हाची, दोन वेण्यांची. पुढच्यात ती डावखुरी अकरा नंबर, जी लग्नानंतर परत आली नाही. काकू एकेक फोटो बघत, एकेक नंबर पुटपुटत पुढे सरकू लागल्या.

मागून सगळा संघ आला. काठ्या हातात, तोंडात दातांचं रबर. बोळ अरुंद, आणि मधोमध काकू उभ्या. पलीकडे मैदानावर शिट्टी झाली होती. गोलकीपर भिंत काहीतरी बोलणार होती, तर कप्तानने तिला कोपराने ढोसलं. काकूंनी चष्मा पुसला आणि पुढच्या फोटोकडे वळल्या. सोळा जणी त्यांच्या मागे चूपचाप उभ्या राहिल्या.