पावणेतीन मिनिटं

"माझंच बोट लागलं असेल रे कुठेतरी," ताई फोनवर म्हणाली. "मला कुठे कळतं यातलं. पण बघ ना जरा, तो व्हिडिओ दिसत नाहीये."

स्टोअरकीपर नटबोल्टांची नवी पेटी उघडून बसला होता. फोन खांद्यावर धरून त्याने विचारलं, "कुठला व्हिडिओ?"

"पोरीला नोकरी लागली तेव्हा घरी जेवण केलं होतं बघ, तो. यांनी काढलेला."

"आहे की तो. परवाच पाहिला मी. काय स्वच्छ दिसतो."

"तो तिच्या मैत्रिणीने काढलेला. मी यांच्या फोनवरचा म्हणतेय, सारखा हलतो तो. शेवटी यांना वाटतं, फोन बंद झाला. तसाच खिशात टाकतात. मग नुसता काळा पडदा, पण माझ्याशी बोलतात ते ऐकू येतं. पावणेतीन मिनिटं. कामावरून आले की तेवढंच लावते मी रोज."

स्टोअरकीपरने हातातला बोल्ट पेटीत परत ठेवला. काळा पडदा त्याला चांगलाच आठवत होता. कालच, रविवारी सकाळी, त्याने तो पाहिला होता.

"माझ्याकडूनच पुसलं गेलं का रे?" ताईने विचारलं.

इथे 'नाही' एवढा एक शब्द पुरला असता. तो म्हणाला, "होतं असं कधीकधी. बघतो मी."

आता या माणसाविषयी थोडं सांगायला हवं. वीस वर्षं तो एका कारखान्याचं भांडार सांभाळत होता. रॅकवर एका जातीची वस्तू दोन खणांत दिसली की त्याचं डोकं उठायचं. घरी त्याला दुसरं वेड होतं. कपाटावर एक काळा डबा, म्हणजे त्याचा घरगुती सर्व्हर, त्यात दोन हार्ड डिस्क, आणि त्या डब्यावर सगळ्या घराण्याचे फोटो, गाणी, सिनेमे, लग्नं, बारशी. ज्याने त्याने आपापल्या घरी बसून टॅबवर लावायचं आणि बघायचं. कोणत्या कंपनीला पैसे द्यायला नकोत आणि कोणाच्या पाया पडायला नको. कारखान्यात त्याला सगळे सर्व्हरराव म्हणत, आणि त्यातली थट्टा त्याला कधी कळली नाही, किंवा कळून आवडली असावी.

चहाच्या सुट्टीत तो फोनवरच्या बातम्या वाचून दाखवायचा. अमक्या कंपनीने दर वाढवले. तमकीने गाण्यांची सेवाच बंद केली, लोकांची विकत घेतलेली गाणी गेली. प्रत्येक बातमीवर त्याचं मत तयार असे आणि ते बहुधा एकच असे: "आपली वस्तू दुसऱ्याच्या घरात ठेवली की ती आपली राहत नाही."

भावोजी गेले, त्यानंतर दोन महिन्यांनी त्याने ताईलाही हेच ऐकवलं होतं. तिचे फोटो, व्हिडिओ एका कंपनीकडे होते. ते सगळे त्याने आपल्या डब्यावर आणले, तिकडचं खातं बंद केलं, आणि भावोजींचा जुना फोनही रिकामा करून मोडीत द्यायला लावला. "आता सगळं माझ्याकडे आहे ना," तो म्हणाला होता. ताईने फोन देताना तो एकदा पदराने पुसला होता, एवढं त्याच्या लक्षात होतं.

रविवारी डिस्क भरत आली म्हणून त्याने डुप्लिकेट शोधायला घेतले. एकाच दिवसाचे, एकाच समारंभाचे दोन व्हिडिओ समोर आले. एक स्वच्छ, एक थरथरता. थरथरत्याच्या शेवटी त्याने स्वतः डोकावून पाहिलं. आवाज बंद होता. काळोख दिसला. 'काय एकेक वाया घालवतात जागा' असं मनात म्हणून त्याने तो पुसला, पाठोपाठ कचरापेटीही रिकामी केली. दुसरी डिस्क पहिलीची हुबेहूब नक्कल ठेवायची. तिने हे पुसणंही इमानेइतबारे उतरवून घेतलं.

ताईचा फोन ठेवल्यावर पुढचे तीन दिवस त्याने पुसलेलं परत आणायच्या खटपटी केल्या. तीन-चार प्रोग्रॅम चालवले. त्या जागेवर कधीच दुसरं काहीतरी येऊन बसलं होतं. गेलं ते गेलं. राहिली फक्त सर्व्हरची नोंदवही. कोणी काय लावलं, किती वाजता, कितीदा, हे त्यात आपोआप लिहिलं जायचं. ताईच्या नावापुढे ओळीवर ओळी होत्या. दुपारी चार, चार वाजून दहा, चार वाजून पाच. दर वेळी तोच व्हिडिओ, दर वेळी शेवटाकडूनच सुरू केलेला. तीनशे अठरा वेळा.

या ओळी तो पहिल्यांदा पाहत नव्हता. वर्षभर पाहत होता. उलट चहाच्या वेळी फुशारकी मारायचा, "माझी बहीण रोज लावते, एकदा अडकला नाही." रोज तेच का लावते, हा प्रश्न मात्र त्याला पडला नव्हता.

ताईचा पुन्हा फोन आला नाही. तोही मूग गिळून बसला. दोन आठवडे गेले, तिसरा लागला. भूक मेली होती. बायकोने विचारलं तर पित्त म्हणाला.

मग एके दिवशी चहाला बातमी आयतीच चालून आली. एका बड्या कंपनीच्या चुकीने हजारो लोकांचे जुने फोटो उडाले होते. सवयीने त्याने वाचायला घेतलं, आणि अर्ध्यावर सोडलं. फोर्कलिफ्ट चालवणाऱ्याने फोन त्याच्या हातातून घेऊन पुढचं वाचलं.

"माफी मागितलीय की यांनी. चूक आमची आहे, असं पत्र पाठवलंय प्रत्येकाला."

"माफीने फोटो येतात का परत?" स्टोअरकीपर म्हणाला.

"नाही येत. पण ज्याचे गेले त्याला कळलं तरी, आपण नाही घालवले म्हणून. नाहीतर सर्व्हरराव, माणूस जन्मभर स्वतःलाच खात बसतो."

फोर्कलिफ्टवाला चहा संपवून गेला. स्टोअरकीपर कपाकडे बघत राहिला. एवढी वर्षं ज्यांना तो नावं ठेवत आला, त्यांनीही हजारो जणांना पत्र लिहिलं होतं. त्याला तर एकाच माणसाशी बोलायचं होतं, आणि ते माणूस त्याची सख्खी बहीण होतं.

त्याने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि बस धरली. ताई एका धुलाईकेंद्रात कामाला होती. तो पोचला तेव्हा ती नुकतीच घरी येऊन पाय स्टुलावर टाकून बसली होती.

"आज कसा काय वाट चुकलास?" ती उठायला लागली. "बस, पाणी आणते."

"नको, तू बस. टॅब कुठाय तुझा?"

तिने कपाटाकडे बोट केलं. कपाटाच्या डोक्यावर, जाड टॉवेलात घट्ट गुंडाळून टॅब ठेवला होता.

"वर ठेवून दिलाय. मी हात लावला की काहीतरी जातं. उरलेलं तरी राहू दे."

तो उभ्यानेच बोलला. बसला असता तर बोलणं झालं नसतं.

"ताई, तुझ्याकडून नाही गेलं ते. मी पुसलं. डुप्लिकेट समजून. शेवटी काळं दिसलं, आवाज लावून पाहिला नाही मी. तू फोन केलास तेव्हाच मला कळलं होतं."

ताईने टॉवेलातल्या टॅबकडे पाहिलं. मग म्हणाली, "तीन आठवडे होत आले त्याला."

"हो."

"मी रोज आठवत होते, कुठलं बटण दाबलं म्हणून."

"चुकलो मी," तो म्हणाला. ते त्याच्याच कानांना फार तोकडं वाटलं.

"परत नाही ना येत?"

"नाही."

ताईने मान हलवली. "मी काय लावते, ते तुला दिसतं का रे तिकडे?"

"दिसतं."

"किती वेळा लावलं होतं मी?"

"तीनशे अठरा."

"म्हणजे वर्षभर दिसत होतं तुला." तिचा आवाज चढला नाही. "मग एकदा फोन करून विचारायचंस ना. ताई, रोज तेच का लावतेस म्हणून."

पुसल्याची शरम तो बसमध्ये तोलून-मापून घेऊन आला होता. ही दुसरी त्याच्या हिशेबातच नव्हती, आणि तीच जास्त जड निघाली.

ताईने डोळे पुसले. "बस आता. कागद आहे का तुझ्याकडे? लिहून घे. मला पाठ आहे सगळं, पण विसरायच्या आत कुठेतरी असलेलं बरं."

त्याने खिशातून भांडाराच्या मागणीपत्रकांचं पॅड काढलं आणि कोरी बाजू वर केली. ती सांगत गेली, तो लिहीत गेला. आधी ते म्हणतात, झालं वाटतं बंद. मग खोकला. मग, खुर्च्या राहू दे, मी उचलतो. तू बस, पाय बघ केवढे सुजलेत. मग खुर्ची ओढल्याचा आवाज. मग मी हसते.

"का हसलीस?"

"ते नाही आठवत. आणि खुर्च्या काही उचलल्या नाहीत त्यांनी. दुसऱ्या दिवशी मीच उचलल्या." ती जराशी हसली. "आता तो टॅब काढ खाली. मी हात लावला तर चालेल ना?"

"चालेल," तो म्हणाला, आणि टॉवेल सोडून टॅब तिच्या मांडीवर ठेवला. तिने तो सुरू केला नाही.

"वाच बरं, काय लिहिलंस."

त्याने वाचायला सुरुवात केली. ताईने डोळे मिटून घेतले. "झालं वाटतं बंद. खोकला. खुर्च्या राहू दे, मी उचलतो. तू बस, पाय बघ—"

"थांब," ताई डोळे न उघडता म्हणाली. "'तू बस' नाही. 'बस गं तू.' असं म्हणायचे ते."

त्याने ते दोन शब्द खोडले, वर 'बस गं तू' असं नीट अक्षरात लिहिलं, आणि पहिल्यापासून पुन्हा वाचायला लागला.